दोन लाख किलोमीटरपर्यंत गाडी नेताना: सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर कोणतं इंजिन कुठे दुखतं आणि काय करायचं

स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या. पण तिन्हींच्या १.३ डिझेल मॉडेलमध्ये बॉनेटखाली एकच इंजिन होतं: फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. म्हणून "मारुती टिकते का टाटा?" या प्रश्नाला तसं उत्तरच नसतं. गाडी टिकते ती इंजिन, गिअरबॉक्स आणि रस्ता या तिघांवर. कंपनीच्या नावावरून फार तर सुटे भाग किती लवकर मिळतील आणि जवळचा फिटर ते इंजिन किती वेळा उघडून बसलाय, एवढं कळतं. तेही महत्त्वाचं आहेच, पण दुसऱ्या नंबरला.

म्हणून पहिली पायरी अशी: आपल्या गाडीच्या इंजिनाचं नाव, त्यात टायमिंग चेन आहे की बेल्ट, गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा, आणि मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड कोणता, या चार गोष्टी एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची प्रत्येक सर्व्हिस तारीख आणि किलोमीटरसह त्याच वहीत. गाडी विकताना ही वही चकाचक पॉलिशपेक्षा जास्त किंमत मिळवून देते.

गाडी कुठे चालते?

आपल्या दोन जिल्ह्यांत तीन वेगळे रस्ते आहेत. पश्चिमेला पसरणी, केळघर, यवतेश्वर, कुंभार्ली असे घाट आणि चार महिने कोसळणारा पाऊस. इथे क्लच, ब्रेक आणि कूलंट यांची परीक्षा होते. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. इथे धूळ आणि ऊन, म्हणजे एअर फिल्टर, शॉकअप आणि बुश. मधे कृष्णाकाठ, कराडपासून वाळवा, सांगली, मिरजेपर्यंत; इथे गळीत हंगामातला ट्रॉलीचा चिखल, उसाच्या शेतातले उंदीर आणि पूर.

बहुतेक मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे दोन तक्ते असतात: एक साधा, दुसरा कठीण परिस्थितीचा. धूळ, घाट, सतत थोडं थोडं अंतर, ट्रेलर ओढणं हे सगळं दुसऱ्या तक्त्यात येतं. म्हसवड किंवा जतला रोज कच्च्या रस्त्याने जाणारी गाडी दुसऱ्याच तक्त्यात धरायची, सर्व्हिस सेंटरने छापून दिलेला स्टिकर काहीही सांगो.

चेन की बेल्ट

सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून थोडं थांबून बघू.

टायमिंग चेन किंवा बेल्ट म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका लयीत फिरवणारा दुवा. टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो तुटण्याआधी आवाज करेलच असं नाही. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट असलेली इथे नेहमी दिसणारी इंजिनं: जुनी सँट्रो झिंग आणि १.१ ची आय-टेन, टाटा इंडिकाचं १.४ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल, डस्टर-टेरानोचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं १.५ टीडीआय, फोर्डचं १.५ टीडीसीआय, आणि आताच्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टसमधली टीएसआय इंजिनं. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्ये मात्र चेन आहे. नाव तेच, इंजिन वेगळं.

बेल्ट बदलण्याची मर्यादा किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत असते. जे आधी येईल ते धरायचं. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वर्षं आधी संपतात, आणि इथेच लोक फसतात. वापरलेली गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजायचं.

बेल्टचं काम करून घेताना पुढचा क्रम पाळला जातोय का ते बघा:

१. नुसता बेल्ट नको. टेन्शनर, आयडलर पुली आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपसुद्धा एकत्र बदला. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग गेलं तर नवा बेल्टही सोबत जातो.
२. क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना फिटरकडे आहेत का, हे काम देण्याआधीच विचारा. पांढऱ्या पेनाने खुणा करून "जमवतो" म्हणणाऱ्याकडे डिझेल इंजिन देऊ नका.
३. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमधून पाझर असेल तर तो त्याच वेळी काढा. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि लवकर जातो.
४. ज्या क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तिथे नवा बोल्ट, आणि तो टॉर्क पान्यानेच.
५. पिना काढल्यावर पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहायचं. त्याआधी स्टार्टर मारायचा नाही.

चेनवाल्यांनी निर्धास्त राहू नये. मारुतीची के-सीरिज, ह्युंदाईची १.२ कप्पा, होंडाची सिटी आणि अमेझची पेट्रोल इंजिनं, महिंद्राचं २.२ एमहॉक या सगळ्यांत चेन आहे आणि ऑइल वेळेवर बदललं तर ती सहसा त्रास देत नाही. पण १.३ मल्टिजेटची चेन ऑइलच्या प्रेशरवर चालणाऱ्या टेन्शनरने ताणलेली असते. ऑइल जुनं झालं, पातळी खाली गेली, की टेन्शनर ढिला पडतो आणि चेन झिजते. सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर तो चेनचा इशारा समजा. दुर्लक्ष केलं तर चेन दात सोडते आणि रॉकर आर्म तुटतात. सव्वा ते दीड लाखाच्या पुढे गेलेल्या या इंजिनात आवाज ऐकू आला तर चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट असा पूर्ण संच टाका. गाडी ढकलून चालू करण्याची सवयही या इंजिनाला महाग पडते. झटका बसून ढिली चेन सरकते.

होंडाच्या पेट्रोल इंजिनांत टप्पेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली बारीक फट, हाताने सेट करावे लागतात. साधारण दर ४०,००० ला फीलर गेज लावून गॅप बघून घ्या. आवाज करणाऱ्या टप्पेटपेक्षा घट्ट झालेला, गप्प बसलेला टप्पेट जास्त वाईट. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं.

ऑइल: ग्रेड, मात्रा, आणि डिपस्टिक

लहान पेट्रोल गाडीत फिल्टरसह साधारण ३ ते ३.५ लिटर, मोठ्या डिझेल एसयूव्हीत ६ ते ७ लिटर ऑइल बसतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. "जाड ऑइल घाला, घाटात इंजिन तापत नाही" हा सल्ला ऐकू नका. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर थंडीच्या सकाळी ऑइल वर पोचायला वेळ लागतो, आणि झीज सगळ्यात जास्त त्याच सेकंदांत होते.

बदलण्याचं अंतर बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष देतात. धुळीच्या भागात आणि टर्बो डिझेलमध्ये ७,००० ते ७,५०० ला बदललेलं बरं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो.

बीएस-६ डिझेलमध्ये (१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या) पातळी कमी होण्याऐवजी वाढताना दिसली तर ते डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, लक्षण आहे. काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल फवारलं जातं, प्रक्रिया अर्धवट राहिली की ते ऑइलमध्ये उतरतं. गाडी फक्त गावातल्या गावात, दूध डेअरी ते बाजार एवढीच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर २० ते ३० मिनिटं ६० च्या वरच्या एकसारख्या वेगाने चालवा. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही जिल्ह्यांतून जातो, त्यामुळे हे अवघड नाही. डीपीएफचा दिवा लागलेला असताना गाडी बंद करू नका. अशा गाडीत ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच लागतं. साधं डिझेल ऑइल डीपीएफ कायमचा चोंदवतं. वर्षाला १०,००० सुद्धा चालवणार नसाल तर नवं डिझेल घेऊच नका, मग कंपनी कोणतीही असो.

कूलंट आणि बोअरचं पाणी

इथल्या अनेक गावांत बोअरचं पाणी इतकं जड असतं की बादलीला पांढरा थर धरतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेलं की तोच थर आत बसतो: आधी हीटर कोअर, मग रेडिएटरच्या बारीक नळ्या, शेवटी वॉटर पंपाचा सील. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल आणि डिमिनरलाइज्ड पाणी, निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळतं. लहान गाडीला ४ ते ५ लिटर पुरतं. रंगावरून जात ओळखू नका, बाटलीवरचं स्पेसिफिकेशन वाचा. दोन वेगळ्या प्रकारांचं मिश्रण केलं तर कधी कधी गाळ धरतो.

रेडिएटरची कॅप ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तिचं काम दाब धरून ठेवणं, कारण दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघडं पाणी साधारण ९५-९६ अंशांलाच उकळतं. कॅपचं रबर गेलं असेल तर साताऱ्यात व्यवस्थित चालणारी गाडी केळघर चढताना कूलंट बाहेर फेकते आणि दोष इंजिनावर येतो. पावसाळा संपल्यावर कॅपचं रबर, होस पाइपचा मऊपणा आणि फॅन चालू होतो का, हे तीन बघा.

काटा वर गेला तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात, गाडी सुरक्षित जागी बाजूला. इंजिन बंद करा आणि किमान ३० ते ४० मिनिटं कॅपला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं. हेड गॅस्केट उडालीच तर हेड तसंच परत बसवू देऊ नका. स्ट्रेट एज लावून तपासून, गरज पडल्यास फेसिंग (घासून सपाट) करूनच. त्यासाठी मशीनशॉपला पाठवण्यात दोन दिवस गेले तरी चालतील.

घाट: ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स

उतरताना ज्या गिअरने चढला असता तोच गिअर. पसरणीत दुसरा, फार तर तिसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. ओलावा शोषल्यावरचा किमान १५५ आणि डॉट-३ चा १४० अंश. आत वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. म्हणून ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली असली तरी, पूर्ण बदला. नुसतं वरची टाकी भरणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या ब्लीडर निपलमधून जुनं काढावं लागतं. लहान गाडीला साधारण १ लिटरचा डबा पुरतो.

पॅड ३ मिलिमीटरच्या खाली आले की बदला. त्याच वेळी कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. एकीकडचा पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला असेल तर पिन अडकलेली आहे. मागचे ड्रम दर २०,००० ला उघडा. बामणोली, ठोसेघर बाजूच्या पावसाळी चिखलातून चालणाऱ्या गाडीत ड्रममध्ये अक्षरशः माती निघते.

क्लचप्लेट संपवायची सगळ्यात झटपट पद्धत म्हणजे चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. हँडब्रेक वापरा. क्लचचं काम काढलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा द्यायची नसते.

एएमटी गाडी (मारुतीची एजीएस, टाटाची एएमए) आतून मॅन्युअलच असते, क्लच फक्त मोटर किंवा हायड्रॉलिक दाबते. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की तिची प्लेट मॅन्युअलइतकीच जळते. ड्राय क्लचवाले डीसीटी (दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे जुन्या पोलो-व्हेंटोमधला सात गिअरचा डीएसजी आणि ह्युंदाई-कियाचे डीसीटी, रविवारी पाचगणीच्या रांगेत इंचाइंचाने पुढे सरकताना तापतात. पुढच्या गाडीला दोन गाड्यांचं अंतर जाऊ द्या, मग एकदम पुढे जा. जुन्या डीएसजीमध्ये मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर-क्लच चालवणारा कंट्रोल भाग) हा मोठा खर्च आहे. वापरलेली गाडी घेताना त्याच्या दुरुस्तीचं बिल मागा. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक घाटाला सगळ्यात सोशिक. त्याचं एटीएफ (गिअरबॉक्सचं ऑइल) "आयुष्यभराचं" आहे असं सांगितलं तरी ६०,००० ते ८०,००० ला बदला.

घाट चढून वर पोचल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा.

धूळ आणि खड्डे

एअर फिल्टर दर ५,००० ला काढून बघा, धुळीच्या भागात १५,००० च्या आत बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून, नाहीतर कागद फाटतो. फिल्टर बॉक्सचं झाकण नीट बसलं नाही तर फिल्टर न बदलल्यापेक्षा वाईट.

पुढून टकटक आवाज आला की आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शेवटी शॉकअप आणि त्याचं माउंटिंग, या क्रमाने तपासा. स्वस्त ते महाग असाही हाच क्रम आहे. बरेचदा शॉकअप आधी बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो. शॉकअप जोडीनेच बदला. ॲक्सलचं रबरी बूट फाटलं असेल तर आठवडाभरात बदला. माती आत गेली की वळताना कटकट सुरू होते आणि मग पूर्ण जॉइंट जातो. बोलेरो, सुमोसारख्या मागे प्रोपेलर शाफ्ट असलेल्या गाड्यांत जिथे ग्रीस निपल आहेत तिथे दर ५,००० ला ग्रीसिंग, आणि चिखलातून आल्यावर वॉशिंगनंतर पुन्हा.

टायरबद्दल थोडक्यात: दर १०,००० ला अदलाबदल आणि अलाइनमेंट, ट्रेड १.६ मिलिमीटरला कायद्याने संपतो पण पावसाळ्याआधी ३ च्या खाली असेल तर बदला, हवा सकाळी थंड टायरमध्येच मोजा.

ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर आसरा शोधत बॉनेटखाली येतात. वायरिंगवर पन्हाळीचा प्लॅस्टिक पाइप चढवा, खालचं इंजिन कव्हर शाबूत ठेवा, आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघा. गाडीत खाण्याचा कणही नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, तेही कदाचित इथल्याच कारखान्याचं. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. अशा गाडीत दर सर्व्हिसला फ्युएल पाइप वाकवून भेगा बघा, आणि उभी राहणारी गाडी अर्ध्याहून जास्त टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओलावा साठतो, तो इथेनॉलमध्ये मिसळून तळाला उतरतो. सीएनजी गाडीत सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी, आणि प्लग पेट्रोल गाडीपेक्षा लवकर.

पुराचं पाणी

२००५, २०१९ आणि २०२१. सांगलीकरांना ही वर्षं सांगावी लागत नाहीत. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पाणी ४० कडे सरकू लागलं, की गाडी त्याच दिवशी उंच भागातल्या नातेवाइकांकडे लावा. रात्री पाणी बघून हलवू म्हणणाऱ्यांच्या गाड्या अडकतात.

पाण्यात बुडालेल्या गाडीचा क्रम:

१. किल्ली फिरवू नका. स्टार्टरही नको, दिवे बघायला इग्निशनही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.
२. पाणी ओसरल्यावर दारावरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा.
३. विमा कंपनीला आधी कळवा. इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर पाण्यात स्टार्टर मारून बिघडलेल्या इंजिनाचा क्लेम सहसा नाकारला जातो.
४. गाडी सपाट ट्रकवर चढवून न्या; ऑटोमॅटिक दोरीने ओढू नका.
५. फिटरने एअर फिल्टर ओला आहे का ते बघावं, प्लग (डिझेलमध्ये ग्लो प्लग) काढावेत आणि क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं. मगच पुढे.
६. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर सगळं नवं. चालू झाल्यावर ३०० ते ५०० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि फिल्टर पुन्हा.
७. सीट, कार्पेट, खालचा फोम बाहेर काढून वाळवा. अनेक गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल गिअर लिव्हरच्या पुढे, जमिनीलगत असतं; ते भिजलं असेल तर बदलावंच लागतं.
८. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. तो अल्टरनेटर, स्टार्टर आणि हब बेअरिंगमध्ये जातो आणि तीन-चार महिन्यांनी आवाज करू लागतो. हे भाग तेव्हाच उघडून धुऊन घ्या.

जुनी गाडी घेताना

पुरात बुडालेली गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या नंबरवरही विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या फूटभरात मातकट रेघ असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये आणि सीटच्या रुळांवर गाळ आणि गंज शोधा.

गाडी थंड असताना बघायला जा, आणि मालकाला "आधी चालू करून ठेवू नका" असं फोनवरच सांगा. चेनचा आवाज, निळा धूर, पांढरा धूर हे पहिल्या मिनिटातच कळतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधासारखा थर म्हणजे कूलंट ऑइलमध्ये आलं असण्याची शक्यता; फक्त पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत थोडी साय दिसू शकते, तेव्हा डिपस्टिकवरही तसंच आहे का ते बघा. बॅटरीवर मल्टिमीटर लावा: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४.

शेवरलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. या गाड्या स्वस्तात मिळतात आणि फोर्डचं १.५ डिझेल तर दमदार आहे. पण घ्यायच्या आधी टायमिंग किट, क्लच सेट, लोअर आर्म आणि हेडलाइट या चार वस्तू कोल्हापूर किंवा पुण्याच्या दुकानदाराकडे फोन करून विचारा: आहे का, किती दिवसांत येईल, केवढ्याला. चारपैकी तीन आठवड्याच्या आत मिळत असतील तर गाडी घ्यायला हरकत नाही.